वाचकांचे प्रश्न: पार्लरमधला स्ट्रीट फायटर घरी आला तेव्हा

मागच्या अंकात जुन्या व्हिडिओ गेम पार्लरांवर दोन पानं छापली, त्यावर बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी सगळीकडनं प्रश्न आले आणि बहुतेकांना फायटिंग गेमचंच विचारायचंय, पार्लरमध्ये खेळायचो तो गेम घरच्या कन्सोलवर आला तेव्हा तो तसाच राहिला का, कुठल्या मशीनवर चांगला आला वगैरे. म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यालाच देतोय.

प्रश्न: दादा, माझ्या काकांनी दुबईहून सुपर निन्टेंडो आणलेला आणि गल्लीतल्या मित्राकडं मेगा ड्राइव्ह. दोघांकडं स्ट्रीट फायटर टू. आता आम्ही चाळिशी पार केली तरी कट्ट्यावर बसलं की भांडण तेच, कुणाचा गेम पार्लरसारखा? एकदाचा निकाल लावा की.
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

निकाल लावतो, पण आधी एक सांगतो, तुम्ही दोघं बहुतेक एकच गेम खेळतच नव्हता. सुपर निन्टेंडोवर १९९२ साली आला तो पहिला स्ट्रीट फायटर टू, म्हणजे पार्लरमध्ये १९९१ ला आलेला 'वर्ल्ड वॉरियर', त्यात खेळायला आठच जण, बालरॉग, वेगा, सगाट आणि बायसन हे चौघे फक्त शेवटी समोर येणार, आपल्या हातात नाहीत. मेगा ड्राइव्हवर १९९३ ला आला तो 'स्पेशल चॅम्पियन एडिशन', त्यात बाराही जण घेता येतात आणि रियू विरुद्ध रियू, म्हणजे दोघांनी तोच गडी घेऊन, पण लावता येतं. सुपर निन्टेंडोवर रियू विरुद्ध रियूसाठी चोरवाट होती, गेम बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीचा लोगो येताना खाली, आर, वर, एल, वाय, बी असं दाबायचं. त्यामुळं मित्राच्या घरी बायसन घेऊन खेळलेला माणूस तुमच्या घरी आला की त्याला गेम अर्धा वाटणार, यात मशीनचा दोष काही नाही. मेगा ड्राइव्हच्या त्या कार्ट्रिजची (गेमच्या कॅसेटची) खरी बरोबरी सुपर निन्टेंडोवरच्या 'टर्बो'शी, तोही १९९३ चाच.

आता मशीनचं बघू. पार्लरमधल्या मशीनच्या आतल्या बोर्डाला कॅपकॉम सीपीएस-१ म्हणतात, त्यावर स्ट्रीट फायटर टूची नुसती चित्रंच ६ मेगाबाइटची होती. सुपर निन्टेंडोचं अख्खं कार्ट्रिज १६ मेगाबिट, म्हणजे २ मेगाबाइट, आणि त्यातच चित्रं, गाणी, आवाज, प्रोग्राम सगळं बसवायचं. नऊवारी छोट्या पिशवीत कोंबायचा प्रकार झाला हा, काहीतरी बाहेर राहणारच. मग काय बाहेर ठेवलं? हालचालींमधली काही चित्रं कमी केली, मागच्या देखाव्यातले बारकावे कमी केले, आणि मधे बोनसला वरनं पिंपं पडायची ना, ती फोडायची फेरीच काढून टाकली, तिच्या जागी विटा फोडायची फेरी घातली. गाडी फोडायची फेरी मात्र ठेवली. पडदाही अरुंद झाला, पार्लरमध्ये आडवे ३८४ ठिपके होते ते सुपर निन्टेंडोवर २५६ झाले, उभे मात्र दोन्हीकडं २२४. म्हणून चेहरे जरा भरड दिसतात.

पण मला यात कॅपकॉमचं कौतुक याचं वाटतं की जे कापलं ते लढाईला फारसं लागलं नाही. कुठल्या ठोशाला कुठली लाथ भारी पडते, उडी मारून आलेल्याला खालनं शोर्युकेन (उसळून मारायचा ठोसा) कधी लावायचा, फेकलेला आडुकेन (हातातनं सोडायचा गोळा) समोरच्यापर्यंत पोचेपर्यंत आपण पुढं चालत जाऊन काय करायचं, हे सगळं डोक्यात बसलेलं घरी आल्यावर जसंच्या तसं चालायचं. पार्लरमध्ये शिकलेलं घरी वाया जात नव्हतं आणि घरी शिकलेलं पार्लरमध्ये वाया जात नव्हतं, माझ्या मते पोर्ट, म्हणजे पार्लरच्या गेमची घरच्या मशीनवर आणलेली आवृत्ती, चांगला की वाईट हे ठरवायचं ते यावरच, बाकी रंग आणि देखावे नंतर.

रंगांचं म्हणाल तर सुपर निन्टेंडो सरळ पुढं. ३२,७६८ रंगांतले २५६ तो एका वेळी दाखवू शकतो, मेगा ड्राइव्ह ५१२ मधले ६४. म्हणून मेगा ड्राइव्हवर कातडीचा रंग, आभाळाचा रंग जरा मातकट दिसतो. आवाजात पण तेच, मेगा ड्राइव्हवर सगळ्यांचा घसा बसलाय असं वाटतं, आडुकेन म्हणताना खरखर येते. गाण्यांचं मात्र उलटं सांगेन, आणि इथं बरेच जण माझ्याशी भांडतील. पार्लरच्या बोर्डावर गाणी वाजवणारी चिप यामाहाची होती, वायएम२१५१, आणि मेगा ड्राइव्हमधली पण त्याच घराण्यातली वायएम२६१२. त्यामुळं गाइलच्या स्टेजचं गाणं मेगा ड्राइव्हवर ऐकताना ती धातूची झणझण थोडी तरी येते. सुपर निन्टेंडोची सोनीची चिप वेगळ्या पद्धतीनं चालते, ती रेकॉर्ड केलेले वाद्यांचे छोटे तुकडे वाजवते, गाणं गोड लागतं, मऊ लागतं, पण पार्लरच्या कोलाहलात कानात घुसायचं तसं नाही लागत. या गेमची बहुतेक गाणी योको शिमोमुरा यांची, आणि दोन्हीकडं चाल इतकी पक्की आहे की मशीन कुठलंही असो, दुसऱ्या खोलीतनं ऐकलं तरी कुणाची स्टेज चालू आहे ते कळतं.

आता खरी गोम, बटणं. पार्लरमध्ये एक दांडा आणि सहा बटणं, वर तीन ठोसे, खाली तीन लाथा, हलका मधला जोरदार असे डावीकडनं उजवीकडं. सुपर निन्टेंडोच्या पॅडवर पुढं चार बटणं, म्हणून हलके आणि मधले ठोसे-लाथा अंगठ्याकडं आले आणि जोरदार ठोसा एल वर, जोरदार लाथ आर वर, म्हणजे खांद्यावर, तर्जनीकडं. चार दिवस अवघड जातं मग हात बसतो. मेगा ड्राइव्हचं मूळ पॅड तीन बटणांचं. त्याच्यावर हा गेम लावला की स्टार्ट दाबून ठोसे आणि लाथा यांच्यात अदलाबदल करायची. विचार करा, केनचा ठोसा लागला, लगेच खालनं लाथ लावायची आहे, अंगठा बटणावरनं उचला, स्टार्ट दाबा, परत बटणावर आणा, तेवढ्यात समोरच्या झँगीफनं धरून आपटलेलं असतं. मेगा ड्राइव्ह बनवणाऱ्या सेगानं यासाठीच १९९३ ला सहा बटणांचं पॅड काढलं, वर एक्स वाय झेड, खाली ए बी सी, थेट पार्लरची मांडणी.

तर निकाल असा. मित्राकडं सहा बटणांचं पॅड होतं तर हाताला मित्राचा गेम पार्लरच्या जास्त जवळचा. तीन बटणांचं होतं तर तुमचा, काही वादच नको. डोळ्याला आणि पात्रांच्या आवाजाला मात्र कधीही तुमचाच.

प्रश्न: पार्लरमध्ये मी ब्लांकाकडून कायम मार खायचो पण झँगीफ घेतला की जिंकायचो. घरी चुलतभावाच्या कन्सोलवर झँगीफ चालेना आणि ब्लांका तर कुणालाच आवरेना. असं का होत असेल?
— एक वाचक, संकेश्वर

दांडा आणि अंगठा यातला फरक. झँगीफचं ते फिरवून आपटणं करायला दांडा गोल फिरवायचा असतो, पूर्ण चक्कर, आणि त्या चकरेत 'वर' येतंच म्हणून हात संथ असला की तो उडीच मारतो. मोठा दांडा मुठीत धरून गरकन फिरवणं सोपं, तेच अंगठ्यानं छोट्या प्लसवर करायचं म्हणजे कातडी सोलून निघायची, आमच्यातले काही जण तर अंगठ्यावर चिकटपट्टी लावून बसायचे. ब्लांकाचं लोळण, गाइलचा सॉनिक बूम, होंडाचं डोकं मारणं यांना मागं थोडा वेळ दाबून धरून मग पुढं दाबायचं असतं, हे अंगठ्याला एकदम सोपं. गेम तोच, ताकद तीच, पण घरी ब्लांकावाल्यांची चलती.

प्रश्न: आमच्या निपाणीत एकाकडं मेगा ड्राइव्ह होता, त्याच्यावर सगळे गेम पार्लरपेक्षा हळू वाटायचे आणि टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्या यायच्या. टीव्ही खराब म्हणून दुकानात पण नेलेला.
— एक वाचक, निपाणी

टीव्ही ठीक होता. तेव्हा आपल्या देशात टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० वेळा चित्र. पार्लरचे बोर्ड आणि जपान-अमेरिकेतली कन्सोलं सेकंदाला ६० च्या आसपास. ६० साठी लिहिलेला गेम वेग न जुळवता ५० वर चालवला की सरळ सहावा हिस्सा हळू होतो, आणि पाल टीव्हीवर आडव्या रेघा जास्त असल्यानं २२४ रेघांचं चित्र मधेच बसतं, उरलेल्या जागेत काळ्या पट्ट्या. युरोपातल्या पोरांची पण हीच तक्रार असायची. काही गेममध्ये वेग जुळवून घेतलेला असायचा, पण बऱ्याच जणांनी ते कष्ट घेतलेच नाहीत. फायटिंग गेममध्ये हा फरक फार जाणवतो कारण पार्लरमध्ये अर्ध्या क्षणात करायची सवय लागलेली असते, आणि घरी आपण आधीच बटण दाबून मोकळे, समोरचा अजून हवेत.

प्रश्न: खानापूरला स्टँडजवळ एक मशीन होतं त्यात रियू हवेतनं आडुकेन टाकायचा, ते गोळे माणसाच्या मागं मागं जायचे आणि मधेच स्टार्ट दाबला की रियूचा धाल्सिम व्हायचा! हा गेम कुठल्या कन्सोलवर मिळेल? मुलाला सांगितलं तर तो मी थापा मारतोय म्हणतोय.
— एक वाचक, खानापूर

थापा नाहीत, मुलाला हे वाचून दाखवा. तो 'रेनबो एडिशन', १९९२ च्या चॅम्पियन एडिशनचा बोर्ड घेऊन कुणीतरी परस्पर प्रोग्राम बदलून विकलेला, कॅपकॉमचा त्याच्याशी संबंध नाही. तुम्ही सांगितलेलं सगळं त्यात होतं. तो जगभर पार्लरांत पसरला, आपल्याकडं तर बऱ्याच ठिकाणी मूळ बोर्डापेक्षा हाच जास्त दिसायचा कारण पोरांची गर्दी याच्यावर. अधिकृत नसल्यामुळं कुठल्याच कन्सोलवर त्याचा पोर्ट निघाला नाही.

पण त्याची सावली घरच्या कन्सोलवर आली आहे. या बदललेल्या बोर्डांवरचा धुमाकूळ बघून कॅपकॉमनं १९९२ च्या डिसेंबरात 'टर्बो हायपर फायटिंग' काढला, वेग वाढवला, रियू-केनला हवेत फिरकी लाथ दिली, चुन-लीला फेकायला गोळा दिला, धाल्सिमला एका जागी गायब होऊन दुसरीकडं उगवणं दिलं. सुपर निन्टेंडोवरचा टर्बो म्हणजे याचाच पोर्ट, २० मेगाबिटचं कार्ट्रिज. मेगा ड्राइव्हच्या स्पेशल चॅम्पियनमध्ये पण हायपर म्हणून वेगळी निवड आहे. म्हणजे तुमच्या स्टँडजवळच्या मशीनचा दूरचा का होईना, नातेवाईक घरी मिळतो. माझं मत विचाराल तर सगळ्या स्ट्रीट फायटर टूमध्ये खेळायला सगळ्यात सुंदर हायपर फायटिंगच, वेग आणि समतोल दोन्ही जमलेत.

प्रश्न: आमच्याकडं साधा आठ-बिटवाला टीव्ही गेम होता, त्यात पण स्ट्रीट फायटर होता. तो कुठला पोर्ट धरायचा?
— एक वाचक भगिनी, चिकोडी

तो पोर्ट नव्हेच ताई. निन्टेंडोच्या आठ-बिट मशीनसाठी कॅपकॉमनं स्ट्रीट फायटर टू कधी काढलाच नाही, ती सगळी कार्ट्रिजं परस्पर बनवलेली. दोन बटणांत सहा बटणांचं काम, मोजकेच गडी, आणि त्या मशीनला एका आडव्या रेघेत आठच छोटे तुकडे दाखवता येतात म्हणून दोघं जवळ आले की हातपाय लुकलुकायला लागायचे. तरीही ज्यांनी बनवला त्यांनी त्या डबीकडनं काय काय काढून घेतलं याचं मला अजून नवल वाटतं. पार्लरला जायला घरनं परवानगी नसलेल्या कितीतरी मुलींनी चुन-ली पहिल्यांदा तिथंच बघितली.

प्रश्न: टेकन थ्री! बेळगावात एका पार्लरमध्ये मोठं मशीन होतं आणि बाकी सगळीकडं प्लेस्टेशन लावून तासावर खेळायला द्यायचे. मला दोन्हीत फरकच दिसला नाही, मग मोठ्या मशीनला जास्त पैसे का घ्यायचे?
— एक वाचक, वडगाव

फरक दिसला नाही यात तुमचं काही चुकलेलं नाही, टेकन बनवणाऱ्या नामको कंपनीनं मुद्दाम तसंच जमवलेलं होतं. पहिला टेकन, १९९४ चा, ज्या सिस्टीम ११ बोर्डावर होता तो बोर्डच प्लेस्टेशनच्या रचनेवर बांधलेला, त्यामुळं घरी आणणं सोपं गेलं. टेकन थ्री १९९७ ला पार्लरमध्ये आला तो सिस्टीम १२ वर, हा त्याच घराण्यातला पण जास्त ताकदीचा, म्हणून १९९८ ला प्लेस्टेशनवर आणताना काटछाट करावीच लागली. कुठं केली? मागच्या देखाव्यात. मोठ्या मशीनवर मागची वस्तू खरीखुरी उभी केलेली, प्लेस्टेशनवर बरंचसं सपाट चित्र गुंडाळून मागं फिरवलंय. पात्रांमधले बारकावे पण जरा कमी. पण सेकंदाला ६० चित्रांचा वेग त्यांनी सोडला नाही, आणि म्हणूनच तुमच्या हाताला फरक कळला नाही. देखाव्याला कात्री, वेगाला हात नाही, हा निर्णय ज्यानं घेतला त्याला फायटिंग गेम कळत होता.

शिवाय टेकनची मांडणी बघा, डावा हात, उजवा हात, डावा पाय, उजवा पाय, चारच बटणं, आणि प्लेस्टेशनच्या पॅडवर पुढं चारच बटणं. स्ट्रीट फायटरला घरी येताना जी कसरत झाली ती इथं झालीच नाही. एडी नावाचा गडी घेऊन नुसत्या लाथांची दोन बटणं बडवणारा पोरगा तासावरच्या प्लेस्टेशनवर तेवढाच डोकेदुखी होता जेवढा मोठ्या मशीनवर. उलट घरच्या गेममध्ये जास्तच मिळालं, गॉन नावाचं छोटं डायनोसोर, डॉक्टर बॉस्कोनोविच, टेकन फोर्स, चेंडू मारायचा टेकन बॉल, हे काही पार्लरमध्ये नव्हतं. त्या मोठ्या मशीनला पैसे द्यायचे ते दांड्यासाठी आणि मागं उभं राहून बघणाऱ्या गर्दीसाठी, आणि मला विचाराल तर ते वाजवीच होते.

प्रश्न: एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर प्लेस्टेशनवर घेतला आणि मधेच जोडीदार बदलता येईना. कॉपी सीडी खराब होती का?
— एक वाचक, अथणी

सीडीचा दोष नाही. हा गेम पार्लरमध्ये १९९६ चा, दोघादोघांची जोडी, मारता मारता आतला बाहेर बाहेरचा आत. म्हणजे चार जणांची सगळी चित्रं एकाच वेळी मेमरीत तयार पाहिजेत, बदलायच्या वेळी सीडीवरनं वाचत बसलं तर लढाईच थांबणार. पार्लरच्या बोर्डावर चित्रं चिपमध्येच असतात त्यामुळं हा प्रश्नच नाही. प्लेस्टेशनची मुख्य मेमरी २ मेगाबाइट, चित्रांसाठीची १ मेगाबाइट, चौघं काही बसेनात, म्हणून १९९८ च्या पोर्टमध्ये जोडीदार बदलणंच काढून टाकलं, तो फक्त क्षणभर मदतीला येतो. सेगा सॅटर्नवर मात्र १९९७ ला हाच गेम ४ मेगाबाइटचं मेमरी कार्ट्रिज मागं खोचून आला, जपानातच, आणि तो जवळजवळ हुबेहूब आहे.

मघाशी म्हणलं की चांगल्या पोर्टनं काय कापावं, तर वाईट कापणं म्हणजे हे. पिंपाची फेरी काढली तर रियू रियूच राहतो. जोडीच्या गेममधनं जोडी काढली तर उरतं काय? प्लेस्टेशन मला मनापासून आवडतं, पण हा पोर्ट विकत घ्या असं मी कुणालाच सांगितलं नसतं.

प्रश्न: हे सगळं वाचून परत खेळावंसं वाटालंय. मुलांकडं पीएस फोर आहे. काय घेऊ, आणि पार्लरसारखं वाटायला काय करू?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

'स्ट्रीट फायटर थर्टीएथ ॲनिव्हर्सरी कलेक्शन' घ्या, २०१८ चं, पीएस फोर, एक्सबॉक्स वन, स्विच आणि कॉम्प्युटर सगळ्यांवर आहे. त्यात बारा गेम आहेत आणि ते पार्लरच्या मूळ प्रोग्रामवरनंच चालवलेत, म्हणजे पिंपं पण आहेत आणि ३८४ ठिपके पण. एक्स-मेनवाला पाहिजे असेल तर २०२४ चं 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम फायटिंग कलेक्शन', त्यात जोडीदार बदलता येतो, अथणीच्या भावांनी पण नोंद घ्यावी.

पार्लरसारखं वाटण्याचं म्हणाल तर पहिली अडचण आजचा टीव्हीच. जुना डबा टीव्ही चित्र आलं की लगेच दाखवायचा, आताचे सपाट टीव्ही आधी चित्र सुधारत बसतात आणि तेवढ्या वेळात तुमचा शोर्युकेन उशिरा लागतो, मग वाटतं वय झालं, हात चालेनात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असतो तो चालू करा, एवढ्या एका गोष्टीनं अर्धी तक्रार जाते. दुसरं, चित्र ताणून पूर्ण पडदाभर करू नका, ४:३ (जुन्या टीव्हीचा आकार) ठेवा, नाहीतर होंडाच नव्हे तर चुन-ली पण जाडी दिसते. तिसरं, पॅडवर जोर आला तर सहा-आठ बटणांची फायटिंग स्टिक मिळते, स्वस्त नाही, पण घ्यायची झाली तर वायरवालीच घ्या आणि जड बघून घ्या, हलकी असली तर झँगीफची चक्कर मारताना मांडीवरनं सटकते. ती गेमबरोबर एकदमच घेऊ नका, आधी आठवडाभर पॅडवर खेळा, मुलं बरोबर खेळतायत का बघा, ती बसली खेळायला तर मग दोन घ्या.

प्रश्न: केओएफ ९७ चा एकही शब्द नाही का हो तुमच्या सदरात?
— एक वाचक, हुक्केरी

आहे की. केओएफ म्हणजे 'किंग ऑफ फायटर्स', ज्या निओ जिओ बोर्डावर तो पार्लरमध्ये होता त्याचंच घरगुती मशीन निघालेलं, आतला गेम तोच, त्यामुळं काही कापायचा प्रश्नच नाही, फक्त एकेक कार्ट्रिज अमेरिकेत २०० डॉलरच्या आसपास पडायचं. तेच गेम निओ जिओ सीडीवर स्वस्तात मिळायचे पण तिची सीडी इतकी हळू वाचायची की दोन लढायांच्या मधे चहा टाकून यावा. प्लेस्टेशन आणि सॅटर्नवर केओएफ ९७ हा १९९८ ला आला, सॅटर्नला त्यासाठी जादा मेमरीचं कार्ट्रिज लागतं. त्या दोन्हीची नीट तुलना पुढच्या अंकात, इओरी आणि क्यो या त्यातल्या दोन गड्यांसकट. प्रश्न असतील तर आत्ताच पाठवून ठेवा.